डबलचं जेवण

गजभिये मावशी कुत्र्याच्या नादानं मेली, असं तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं. खाली हात जोडलेली चित्रं आली. मग दुसऱ्यानं लिहिलं, ‘कच्चं मांस. डॉक्टरांनी सांगितलं होतं.’ त्याच्याही खाली हात जोडलेली चित्रं. हे लिहिणाऱ्यांपैकी एकही माणूस मावशीला दवाखान्यात बघायला आला नव्हता. एवढं आधी लिहून टाकते, म्हणजे पुढे डोकं ताळ्यावर राहील.

मी रस्त्यावरच्या कुत्र्यांचं काम करते. लस टोचणं, नसबंदीला नेणं, आणि त्याहून जास्त वेळ माणसांशी भांडणं. पत्रकंही मीच लिहिते. दोषी कोण ते पत्रकात दुसऱ्या ओळीत यावं लागतं, नाहीतर वाचणारा कागदाचा द्रोण करतो. मावशीवर मी पत्रकच लिहायला बसले होते. पहिली ओळ झाली. दुसरी आजपर्यंत झाली नाही.

तिची माझी ओळख पत्रकावरूनच झाली. कोराडी रोडवरच्या तिच्या सोसायटीच्या फाटकात मी उभी होते. ‘कृपया कुत्र्यांना गोड बिस्किटं घालू नका.’ ही बाई आली, चालत्या बसमध्ये तोल सांभाळावा तसे पाय फाकवून उभी राहिली आणि पत्रक शेवटपर्यंत वाचलं. शेवटपर्यंत वाचणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

“हे कृपया काहून लिहिलं वं?”

“सभ्यपणा, मावशी.”

“काट ते. मी जिंदगीभर एसटीत ओरडली. कृपया पुढे सरका म्हटलं तं कोणी सरकते का? पुढे सरका म्हटलं की सरकते.”

मी पुढच्या पत्रकातून कृपया काढलं. त्या दिवसापासून मावशी मला नावानं हाक मारत नसे. जिन्यात माझी चप्पल वाजली की आतून आवाज यायचा, “आली वं पॅम्प्लेट! दार उघडंच आहे.”

ती नागपूर–काटोल गाडीवर कंडक्टर होती. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. निवृत्त झाली तरी गाडी तिच्या अंगातून उतरली नव्हती. कोणाच्या लग्नात गेली तरी आधी डोकी मोजायची. दुपारची झोप खुर्चीत बसून, मान खिडकीला टेकवून. आणि घरात माणूस आला की “बसा” म्हणायच्या आधी बोटानं जागा दाखवायची.

डबलसुद्धा तिला गाडीवरच मिळाला. काटोलच्या स्टँडवर, संत्र्याच्या रिकाम्या पेटीत, मुठीएवढा. पेटी घेऊन ती गाडीत चढली, तेव्हा एक प्रवासी म्हणाला की कुत्रं गाडीत चालत नाही. मावशीनं स्वतःच्या पैशानं लगेजचं तिकीट फाडलं आणि त्याच्या नाकासमोर धरलं. “हे पाहा. त्याचं तिकीट झालं. तुमचं दाखवा.” त्या गृहस्थाचं तिकीट अजून निघायचं होतं. कंडक्टरनं दोरी दोनदा ओढून घंटी दिली की गाडी निघते, त्याला डबल म्हणतात. त्या दिवशी नागपूरपर्यंत प्रत्येक डबलला पेटीतून कुईं आवाज यायचा. नाव ठेवायची वेगळी गरजच पडली नाही.

तर हा डबल मोठा झाला आणि आजारी पडला. पाकिटातलं खाणं द्यायची ती, चांगल्यातलं. त्याचे कान पिकले, पोटाखालची कातडी लाल झाली, शी पातळ. रात्रंदिवस खाजवायचा. रामदासपेठेतल्या कुत्र्यांच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मलम दिलं, पाकीट बदललं. थोडं बरं, पुन्हा तेच. शेवटी मावशीनं मोबाईलवर पाहिलं की काही लोक कुत्र्याला शिजवलेलं काही देतच नाहीत. कच्चं मांस, हाडं, काळीज. तिनं सुरू केलं. दोन महिन्यांत डबलच्या अंगावर असे केस आले की हात बुडावा.

ती त्याला डॉक्टरांकडे दाखवायला घेऊन गेली, अगदी निकाल दाखवायला न्यावं तशी. मी सोबत होते, कारण डबल आता रिक्षात तिच्या एकटीच्या मांडीवर मावत नव्हता. डॉक्टर तरुण होते, बोलायला नरम. त्यांनी कान पाहिले, कातडी पाहिली.

“बरा झालाय हे दिसतंय,” ते म्हणाले. “कशानं झाला ते दिसत नाही.”

“मांसानं झाला.”

“पाकिटातलं काहीतरी सोसत नसेल, ते बंद झालं म्हणूनही असेल.”

“तुमच्या गोळीनं झाला असता तं असंच म्हटलं असतं का जी?”

डॉक्टर हसले. मग म्हणाले, “मावशी, मला त्याची तेवढी काळजी नाही. कच्च्या मांसातले जंतू त्याच्या पोटाला झेपतीलही. तुम्हाला झेपणार नाहीत. तो तुमच्या अंथरुणावर झोपतो. उकडून द्या. नाहीच जमत तर निदान फ्रीझरमध्ये ठेवून मग द्या. सगळं मरत नाही त्यानं, पण काही तरी मरतं.”

“शिळं माया घरात येत नाही,” मावशी म्हणाली. एकदम उठली. डबलही उठला.

मला वाटलं, हेका आहे. मटणाच्या दुकानात ती असाच हेका करायची. समोर कापून घ्यायची, आणि पिशवीत टाकायच्या आधी मांसावर उलटा हात ठेवून पाहायची. ऊब लागली तर घ्यायची. दुकानदार वैतागून म्हणायचा, “बाई, कुत्र्यालाच द्यायचं ना?” त्यावर ती, “मंग? त्याले कायले मेलेलं देऊ?”

या ‘मेलेलं’चा अर्थ मला तिच्या भावामुळे कळला.

दादा कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. पांढरा सदरा, रोज संध्याकाळी वंदना, पंचशील म्हणताना चौथं शील, खोटं न बोलण्याचं, जरा जास्त ठासून म्हणायचे. भाजीवाल्यानं वजनात मारलं तरी त्याला उभं करून समजावणारा माणूस. बहिणीवर जीव. पण डबलचं खाणं सुरू झाल्यापासून ते तिच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकत नव्हते. पुढच्या खोलीत बसायचे, पाणी आणायचे तेसुद्धा बाटलीतून.

एकदा माझ्यासमोरच झालं. मावशी आत पाटावर मांस कापत होती. दादा बाहेरून बोलत होते.

“आपल्या आज्याले गावातली मेलेली ढोरं ओढा लागत. तेच वाट्याले ये. सुकवून ठेवत, वर्षभर तेच. बापानं छप्पन साली दीक्षा घेतली अन् घरी येऊन आईले म्हटलं, आजपासून या घरात ते मास नाही. माहीत आहे ना तुले?”

“माहीत आहे.”

“मंग तूच घरात मास पसरून बसली!”

आतली सुरी थांबली. “दादा, बापानं मास नाही सोडलं. मेलेलं सोडलं. शिळं सोडलं. हे गरम आहे, येऊन हात लावून पाह्य. मी पैसे मोजून, दुकानात उभी राहून, निवडून आणून राहिली. आज्याले कोणी निवडू दिलं?”

दादा आत गेले नाहीत.

आता कळलं ना, फ्रीझर काहून नाही? बर्फात पडलेलं, आठवड्याचं मांस तिच्या लेखी तेच होतं, ज्यावर तिच्या बापानं एका दिवसात फुली मारली होती. डॉक्टरांना हे कसं ठाऊक असणार! त्यांना फ्रीझर म्हणजे फ्रीझर. तिनंही सांगितलं नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते आणि मध्ये बसला होता डबल, जिभल्या चाटत.

सोसायटीचा किस्सा सांगितला नाही तर माझ्या पोटात दुखेल. सेक्रेटरींनी बैठक घेतली. विषय: ‘जिन्यात येणारा उग्र वास.’ नाव कोणाचं नाही, नजरा सगळ्या एका खुर्चीकडे. मावशी उठली. “ज्यायले वास येते त्यायनं हात वर करा.” चार-पाच हात वर झाले, सगळ्यात उंच सेक्रेटरींचा.

“आजबी आला का?”

“आज तर फारच,” सेक्रेटरी म्हणाले. “सकाळपासून बसवत नाहीये.”

“आज पौर्णिमा आहे,” मावशी म्हणाली. “पौर्णिमेले माया घरात मटण येत नाही. डबलनं आज दही अन् अंडी खाल्ली. तुम्हाले कायचा वास आला ते तुम्हीच पाहून घ्या.”

मी टाळ्या वाजवल्या. एकटीनंच. पण पुढे जिन्यात कोणी तिला काही बोललं नाही. बोलले ते ती गेल्यावर. त्याच ग्रुपवर.

मग तिला गाठ निघाली. स्तनात. ऑपरेशन झालं, पुढे केमो. कॅन्सरच्या डॉक्टरबाई स्पष्ट होत्या. अंगातल्या पांढऱ्या पेशी खाली जाणार, साधा जंतूही झेपणार नाही, घरात कच्चं मांस नको, कुत्रा अंथरुणात नको. रिक्षात बसल्यावर मावशी म्हणाली, “हे दोघं डॉक्टर एकमेकाले ओळखत नाहीत. अन् बोलून राहिले एकच. घ्या!” आणि हसली. मला हसता आलं नाही.

तिनं ऐकलं नाही असं ग्रुपवर म्हणतात. खोटं आहे. तिनं ऐकलं. पहिल्या केमोनंतर तिनं चिकन उकडलं, भात मिसळला, डबलपुढे ठेवलं. त्यानं खाल्लं. दुसऱ्या दिवशी जुलाब. तिसऱ्या दिवशी जुलाबात रक्ताचा ठिपका, आणि तो पुन्हा पोट खाजवायला लागला. मी डबलच्या डॉक्टरांना फोन लावून तिच्या कानाला धरला. ते म्हणत होते, “एकदम बदललं की असं होतंच. थोडं थोडं मिसळत न्या, धीर धरा, पोट बसेल.” मावशी ऐकत होती आणि तिचे डोळे डबलच्या पोटाखालच्या लाल चट्ट्यावर होते. केस गळून तिचं डोकं उघडं पडलं होतं. ती म्हणाली, “माया अंगाचं जे होऊन राहिलं ते होऊ दे. त्याच्या अंगाचं तेच मले पाहावत नाही.”

चौथ्या दिवशी ती मटणाच्या दुकानात उभी होती. उलटा हात मांसावर.

मी म्हटलं, मावशी, डबलला माझ्याकडे दे, केमो संपेपर्यंत. दादा म्हणाले, तू कोराडीला ये, खोली रिकामी आहे, पण तो नको. आम्हा दोघांनाही तिनं एकच उत्तर दिलं. “इतके दिवस त्यानं मायाच हातानं खाल्लं. आता मी आजारी आहे तं त्याले दुसऱ्याच्या दारात बांधू?” रबरी हातमोजे आणले, तोंडाला फडकं बांधायची, सुरी-पाट वेगळा. डबलला अंथरुणावरून खाली उतरवलं. त्याची गादी तिच्या पलंगाला लागून टाकली. पलंगावरून तिचा हात खाली सोडलेला असायचा आणि त्याचं तोंड त्या हाताखाली. हे मी रोज पाहत होते, आणि रोज भांडत होते. भांडणात ती दमायची, मग मीच थांबायचे.

तिसऱ्या केमोनंतर तिला ताप चढला. दादांनी तिला रामदासपेठेत दवाखान्यात नेलं, मी डबलला माझ्या खोलीवर आणलं.

रक्तात जंतू पसरले होते. दादांनी विचारलं, मांसातून आले का? डॉक्टरबाई म्हणाल्या, असू शकतं. केमोत माणसाच्या स्वतःच्या आतड्यातूनही येतात. सांगता येत नाही. हे ‘सांगता येत नाही’ मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. ग्रुपवर ज्यांना नक्की सांगता आलं, त्यांनी कोणत्या दवाखान्यात विचारलं ते सांगावं.

पण एक गोष्ट आहे, ती ग्रुपवर कोणालाच माहीत नाही. तीच मला पत्रकात बसवता येत नाही.

माझ्या खोलीत कच्चं मांस आणायला घरमालकाची परवानगी नव्हती. म्हणून मी डॉक्टरांना विचारून, ते म्हणाले तसं, आधी दही-अंड्यात अगदी थोडं उकडलेलं, मग जरा जास्त, असं करत गेले. जुलाब झाले. मी घाबरले. डॉक्टर म्हणाले, थांबा. थांबले. एका सकाळी डबलनं घट्ट शी केली. मग रोजच. चट्टे वाढले नाहीत, उलट सुकले. उकडलेलं चिकन आणि भात तो ताट चाटून पुसून खायला लागला. तांदूळसुद्धा शोधून खायचा, गधा.

म्हणजे जमलं असतं. मावशीच्या घरातही जमलं असतं. थोडे दिवस तिनं त्याच्या पोटाकडे पाहिलं नसतं तर. पण जे कुत्रं तुमच्याकडे पाहत खाजवतं, त्याच्याकडे न पाहता कसं राहायचं, हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहून मिळत नाही.

मी हे दादांना सांगितलं, दवाखान्याच्या जिन्यात. ते दोन पायऱ्या खाली होते. तिथंच थांबले. मग म्हणाले, “चाल. वर वाट पाहून राहिली ती.”

आम्हाला हात धुवून, मास्क लावून थोडा वेळ आत सोडलं. मावशी वाळली होती. आवाज मात्र होता, फाटका, पण तिचाच.

“पॅम्प्लेट, काय खाऊन राहिला तो?”

मी खरं बोलणारी मुलगी आहे. तेवढ्यासाठीच लोक मला टाळतात. मी तोंड उघडलं, आणि माझ्या आधी दादा बोलले.

“कच्चंच खाते.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

“उकडलेलं ठेवून पाह्यलं या पोरीनं,” दादा म्हणाले. “तोंड फिरवते. पोट बिघडते त्याचं. तुयं बरोबर होतं.”

मावशीच्या कपाळावरची आठी गेली. अशी गेली की मी खिडकीकडे वळले.

“मंग कापून कोण देते? इच्या खोलीत तं चालत नाही.”

“मी देतो,” दादा म्हणाले. “कोराडीले आणला त्याले. घरी.”

“तू?”

“मंग कोण?”

“गरम पाहून आणतं?”

“हात लावून.”

तिनं डोळे मिटले. झोपली असं वाटलं. मग तसेच मिटलेल्या डोळ्यांनी म्हणाली, “हाताले वास राहत असन ना रे तुया?”

दादांनी आपल्या हातांकडे पाहिलं. दाराशी धुतलेले, कोरडे, स्वच्छ हात.

“राह्यते,” ते म्हणाले.

“साबणानं जात नाही तो. लिंबू चोळत जाय.”

“चोळीन.”

खाली फाटकाशी हातगाडीवर लिंबं होती. दादांनी घेतली, खिशात टाकली आणि कोराडीच्या बसला गेले.

दुसऱ्या दिवशी मावशीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. बोलणं बंद झालं होतं. डॉक्टरबाई दादांशी बाजूला जाऊन हळू बोलल्या. दादांनी मान हलवली, परत आले आणि उजवा हात तिच्या उशीवर, अगदी गालाजवळ ठेवला. मला पलंगाच्या पायथ्याशी लिंबाचा वास आला. मावशीनं डोळे किलकिले करून त्या हाताकडे पाहिलं. मास्कमधून तिला वास कळला असेल की नाही, मला माहीत नाही. तिनं गाल थोडासा त्या बाजूला सरकवला.